‘नैसर्गिक’ डॉग शाम्पू : ढमीच्या अंगावरचे नऊ महिने

शाम्पू कोणत्या अंगावर वापरला हे कळल्याशिवाय अनुभवाला अर्थ नाही, म्हणून आधी ढमीची ओळख. वय पाच वर्षं, वजन बावीस किलो, जात मिश्र. वरचे केस राठ आणि आत इतका दाट अंडरकोट, म्हणजे मऊ केसांचा आतला थर, की चार मग पाणी ओतलं तरी कातडी कोरडीच. गेल्या वर्षी तिला खाज सुरू झाली. मागच्या पायाने काखा खाजवायची, पोट चाटत बसायची, आणि उठली की तिच्या चादरीवर कोंडा. तोवर आम्ही तिला लहान मुलांच्या शाम्पूने आंघोळ घालत होतो. ‘तान्ह्या बाळाला चालतं ते हिला का नाही चालणार’ हे आमच्या घरचं शास्त्र.

ते शास्त्र चुकलं होतं. माणसाची कातडी आम्लधर्मी असते, पीएच (आम्लता मोजायचा आकडा; 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल) साधारण 5 च्या आसपास. कुत्र्याची त्यापेक्षा उदासीनतेकडे झुकलेली, बहुतेकदा 6 ते 7.5 च्या दरम्यान. शिवाय माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे दहा-पंधरा थर असतात, कुत्र्याच्या तीन ते पाच. अंगभर केस आहेत म्हणजे खालची कातडी जाड असणार, असं मला वाटायचं. आहे उलटंच. एखाद्या वेळी माणसांचा शाम्पू लावला म्हणून काही कोसळत नाही, पण आम्ही तो दोन वर्षं लावत होतो.

मग ठरलं, आता पूर्ण नैसर्गिक आणि सेंद्रिय. तिन्ही बाटल्यांची नावं देत नाही, कारण पहिल्या दोघींबद्दल जे लिहिणार आहे त्यातला निम्मा दोष माझाच आहे.

पहिली बाटली. समोर हिरवी पानं, ‘नारळापासून बनवलेला’, ‘लॅव्हेंडरयुक्त’. मागे बारीक अक्षरांत पाण्यानंतर दुसरं नाव सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजेच एसएलएस हा कडक फेसक. हे मी वाचलं दीड महिन्याने, चष्मा लावून. गंमत म्हणजे कंपनी खोटं बोलत नव्हती. लॉरिल हा भाग ज्या लॉरिक आम्लातून येतो ते नारळाच्या तेलात भरपूर असतं. म्हणजे ज्या एसएलएसच्या नावाने सगळे बोटं मोडतात तोही नारळापासूनच निघू शकतो, आणि डिसिल ग्लुकोसाइड हा सौम्य फेसकही नारळ आणि साखरेपासूनच. ‘नारळापासून’ या शब्दावरून काहीच कळत नाही. पुढे त्याचं काय केलं ते महत्त्वाचं.

फेस मात्र झकास. बाथरूमभर फेस, मुलगी खूश, मी खूश. तिसऱ्या आंघोळीनंतर ढमीचे केस काथ्यासारखे झाले आणि कोंडा वाढला. आणि लॅव्हेंडरचा तो वास! आंघोळ झाली रे झाली की ढमी बाहेर पळून मातीत लोळायची. आम्हाला ती खट्याळ वाटायची. कुत्र्याच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी वीस-तीस कोटींच्या घरात असतात, आपल्या नाकात त्याच्या कितीतरी पट कमी. आपल्याला ‘मंद सुगंध’ वाटतो तो तिला कसा वाटत असेल, हा विचार मी बाटली घेताना केलाच नव्हता. मी बाटली माझ्या नाकाने निवडली होती.

इथे सुगंधी तेलांबद्दल थोडं थांबतो, कारण ‘नैसर्गिक’ म्हटलं की सगळ्यात आधी हीच डोळ्यांसमोर येतात. टी ट्री ऑइल घ्या. जंतुनाशक म्हणून नाव आहे, झाडापासून येतं, सेंद्रियही मिळतं. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या नियतकालिकात 2014 साली एक अभ्यास आला. 2002 ते 2012 या काळात शुद्ध टी ट्री तेल लावल्याने किंवा पोटात गेल्याने विषबाधा झालेल्या 443 प्राण्यांचा, त्यात 337 कुत्री. तोंडातून लाळ गळणं, मलूल होणं, पाय लुळे पडणं, थरथर. शाम्पूत ते अगदी थोडं असतं, तेव्हा शाम्पूला मी विष म्हणत नाही. पण ‘झाडापासून आलंय, मग काय होणार’ हे वाक्य माझ्या तोंडून कायमचं गेलं. आणि ‘दोन थेंब जास्त टाकू या, गोचीड पळतील’ हा सल्ला देणारा कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असतोच. त्याला नम्रपणे नाही म्हणा. गोचिडांसाठी डॉक्टर देतात ते औषध वेगळं, शाम्पू वेगळा.

दुसऱ्या बाटलीची गोष्ट लांबलचक आहे. आणि हे सगळं लिहायला बसलो तेही तिच्यामुळेच.

पहिलीने पोळलो होतो म्हणून या वेळी मी मागचं लेबल वाचून घेतलं. घटक मोजके, सल्फेट नाही, वास नाही, आणि ठळक अक्षरांत ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’. मला हेच हवं होतं. टिकवण्यासाठी काय, तर ई जीवनसत्त्व आणि ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क. वाचायला किती छान वाटतं! पहिला महिना खरोखर छान गेला. कोंडा थोडा उतरला, केस मऊ झाले. मी दोन ओळखीच्यांना हाच शाम्पू घ्यायलाही सांगितलं, ते आता आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

शाम्पू दाट होता आणि अंडरकोटमध्ये शिरत नव्हता. म्हणून मी एका रिकाम्या बाटलीत एक भाग शाम्पू आणि पाच भाग पाणी असं मिश्रण करून ठेवू लागलो. आंघोळीच्या वेळी फक्त पिचकारी मारायची. बायको म्हणाली, ‘‘दर वेळी ताजं कर ना, दोन मिनिटांचं काम आहे.’’ मी म्हणालो, ‘‘शाम्पूच तर आहे. साबण कधी खराब होतो का?’’

तीन आठवडे बाथरूमच्या उबदार, दमट कोपऱ्यात पडलेल्या त्या मिश्रणाने मी ढमीला आंघोळ घातली, अंग चांगलं घासून, केसांच्या उलट दिशेनेही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठीवर हात फिरवला तर ती कळवळली. पाठीच्या कण्यालगत मोहरीएवढे, वाटाण्याएवढे उठाव. तिसऱ्या दिवशी ताप, जेवणाकडे बघेना. मी घाबरलो. डोक्यात गोचीडताप, अ‍ॅलर्जी, काय काय. डॉक्टरांनी पाठीवरचे केस बाजूला करून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘आंघोळ कधी घातली?’’ आणि दुसरा, ‘‘शाम्पूत पाणी मिसळून ठेवता का?’’

या दुखण्याला पोस्ट-ग्रूमिंग फ्युरंक्युलोसिस म्हणतात. दूषित शाम्पूतले जंतू, बहुतेकदा स्यूडोमोनास, जोराने चोळताना केसांच्या मुळाशी ढकलले जातात आणि साधारण एक-दोन दिवसांत पाठीवर दुखरे फोड येतात. ढमीच्या फोडातल्या पुवाच्या तपासणीत स्यूडोमोनासच निघाला. महिनाभर अँटिबायोटिक, आंघोळ बंद, आणि गोळी देताना रोजचं युद्ध. डॉक्टरांचा सूर रागावल्याचा नव्हता, पण त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘पाणी आहे तिथे जंतू येणारच. त्यांना अडवायला बाटलीत काहीतरी लागतं.’’

घरी येऊन मी ते ‘काहीतरी’ शोधत बसलो. ई जीवनसत्त्व तेल खवट होऊ देत नाही, पण जंतूंना ते अडवत नाही. ते त्याचं कामच नव्हे. ग्रेपफ्रूटच्या बियांच्या अर्काची कथा आणखी मजेची. बाजारातल्या अशा अर्कांच्या तपासण्या झाल्या तेव्हा काहींत जंतुनाशक गुण दिसला तो बेंझेथोनियम क्लोराइडसारख्या कृत्रिम रसायनांमुळे. म्हणजे अर्क खरोखर शुद्ध असेल तर तो भरवशाचा नाही, आणि भरवशाचा असेल तर तो शुद्ध असेलच असं नाही. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही त्यातल्या त्यात ‘सौम्य’ समजली जाणारी नावं. ती चालतात आम्ल द्रावणात. पीएच 5-6 च्या वर गेला की त्यांची ताकद झपाट्याने उतरते. आता कुत्र्यांच्या शाम्पूचा पीएच किती ठेवतात? अनेक बाटल्यांवर अभिमानाने लिहिलेलं असतं, 7 च्या आसपास. म्हणजे कुत्र्याच्या कातडीला जपायला जे करतात तेच या प्रिझर्व्हेटिव्हला लुळं करतं. समोर ‘पीएच 7’ आणि मागे फक्त बेंझोएट दिसलं तर बनवणाऱ्यांना एक ईमेल टाकून विचारायला हरकत नाही.

प्रिझर्व्हेटिव्ह असलं की झालं असंही नाही. मिथाइलआयसोथायझोलिनोन हे त्यातलं एक नाव. माणसांमध्ये त्याची इतकी अ‍ॅलर्जी आढळली की युरोपीय संघाने 2017 मध्ये अंगावर तसेच राहणाऱ्या प्रसाधनांतून ते काढूनच टाकलं आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनांतही त्याचं प्रमाण अगदी कमी केलं. हे नाव लेबलवर दिसलं की मी बाटली परत ठेवतो. ढमीला त्याने काही झालेलं नाही. माझा हा नियम, बस.

तिसरी बाटली गेले पाच महिने चालू आहे. डिसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, बारीक दळलेलं ओट, कोरफडीचा गर, ग्लिसरीन, वास नाही, आणि फिनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह. हे शेवटचं नैसर्गिक नाही. म्हणून समोर ‘98 टक्के नैसर्गिक’ असं लिहिलंय. नऊ महिन्यांपूर्वी मी हीच बाटली हातात घेऊन त्या दोन टक्क्यांसाठी परत ठेवली होती.

आता अनुभव. पहिल्या दोन आंघोळींत काहीच फरक दिसला नाही आणि मी वैतागलो. पण कुत्र्याच्या बाह्यत्वचेच्या पेशी बदलायलाच साधारण तीन आठवडे लागतात, तेव्हा दोन आंघोळींवर निकाल देणं म्हणजे पेरल्या दिवशी उकरून बघणं. दीड महिन्याने चादरीवरचा कोंडा जवळजवळ गेला. केसांचा राठपणा तिचा जन्मजात आहे, तो राहिला. ओटमधल्या अ‍ॅव्हेनँथ्रामाइड नावाच्या घटकांमुळे खाज आणि लाली शांत होते, पण त्यासाठी ते अंगावर टिकायला हवं. लावलं आणि लगेच धुतलं तर पाण्यात पैसे. मी दहा मिनिटं ठेवतो. ओल्या कुत्र्याला दहा मिनिटं धरून ठेवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. आमची युक्ती अशी की मुलगी समोर बसून चाटायच्या मॅटवर काहीतरी फासून देते आणि मी मागून पोट, काखा, जांघा चोळत राहतो. आता हलक्या हाताने आणि केसांच्या दिशेने.

धुणं त्याहून महत्त्वाचं. या शाम्पूला फेस कमी येतो, त्यामुळे ‘निघाला’ असं लवकर वाटतं आणि अंडरकोटमध्ये तो शिल्लक राहतो. दुसऱ्या महिन्यात काखेत पुन्हा लाली आली ती त्यानेच. हँडशॉवर कातडीला टेकवून, पाणी चिकटपणाशिवाय सुटेपर्यंत धुतो. लावायला लागतात त्याच्या दुप्पट मिनिटं धुवायला लागतात.

तक्रारी आहेत. ओट तळाशी बसतं, बाटली दर वेळी जोरात हलवावी लागते. एकदा विसरलो तर वरून नुसतं पातळ पाणी आलं. फेस कमी म्हणून हात सैल सुटतो आणि बाटली लवकर संपते. वास नाही म्हणजे पावसात भिजल्यावर ओल्या कुत्र्याचा तो सुप्रसिद्ध वास पाचव्या दिवशी हजर. ते आम्ही मान्य केलं आहे. कुत्रा पाळला आहे, गुलाब नाही.

आणि मुख्य गोष्ट, खाज शाम्पूने गेली नाही. कमी झाली. उरलेली पिसवांच्या चाव्याची अ‍ॅलर्जी निघाली, ती गेली मानेवर टाकायच्या औषधाने. पिसवांच्या लाळेने ज्या कुत्र्याचं अंग पेटतं त्याला एखाद-दुसरी पिसूही पुरते, आणि ती आम्हाला दिसतही नव्हती. इतके महिने शाम्पू बदलण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो असतो तर, असं बायको अजून म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. आता औषध आणि आंघोळ यांत दोन्ही बाजूंनी निदान दोन दिवसांचं अंतर ठेवतो, कारण ते औषध कातडीवरच्या तेलात पसरतं आणि शाम्पू नेमकं तेच धुऊन काढतो.

पाचपैकी चार. एक गुण त्या ओटच्या गाळासाठी कापला.

पातळ अजूनही करतो, कारण त्याशिवाय अंडरकोट भिजत नाही. पण मगात, लागेल तेवढंच, आणि उरलेलं नाल्यात. बाटलीच्या मागे उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात 12 लिहिलंय, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. झाकणावर मार्करने तारीख बायकोने लिहिली आहे. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास उरलेला नाही.