अँटिऑक्सिडंट कॅप्सूल, 60 चा डबा: पाचपैकी दोन तारे

मुलाने ऑनलाइन मागवून घरी पाठवल्या. 899 रुपये. बरणी काचेची, झाकण घट्ट, सील शाबूत. पॅकिंगला नाव ठेवायला जागा नाही. कॅप्सूल मात्र घोड्याला द्यावी एवढी. आमच्या ह्यांना गिळवेना म्हणून एक फोडून पाण्यात कालवली, तर बोटं केशरी, चमचा केशरी, ओट्यावरचा डाग दोन दिवस हलला नाही.

चिपळूणला औषधांच्या दुकानात मी सत्तावीस वर्षं काउंटरवर उभी होते, त्यामुळे आधी बरणीची पाठ वाचते. पुढे डाळिंब, आवळा, द्राक्षांचे घोस नि 'पेशींचे कवच' असलं काहीतरी. पाठीमागे आवळ्याचा अर्क 50 मिलिग्रॅम, डाळिंबाचा 25, आणि बीटा-कॅरोटिन, म्हणजे गाजराला केशरी करणारं द्रव्य, 10. रोज दोन घ्या म्हणतात, म्हणजे 20 झालं. तिथे माझं बोट थांबलं.

फिनलंडमध्ये 50 ते 69 वयाच्या, सिगारेट ओढणाऱ्या 29 हजारांवर पुरुषांना घेऊन चाचणी झाली होती. त्यातल्या निम्म्यांना रोज नेमकं एवढंच, 20 मिलिग्रॅम. 1994 साली निकाल आला: ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त. अमेरिकेतली 'कॅरेट' नावाची चाचणी तर जानेवारी 1996 मध्ये मुदतीच्या 21 महिने आधीच थांबवली. तिथे बीटा-कॅरोटिनच्या जोडीला अ जीवनसत्त्वही होतं. वाढ 28 टक्के. आणि फिनलंडच्याच लोकांत, ज्यांच्या जेवणातच सुरुवातीला बीटा-कॅरोटिन जास्त होतं, त्यांना हा रोग कमी झाला. म्हणजे गाजराने कुणाचं वाकडं केलं नाही. कच्च्या गाजरातलं सगळं रक्तात उतरतही नाही. गोळीतलं भसकन उतरतं.

आता आमचे हे. एसटीत ड्रायव्हर होते. स्टेअरिंग सुटलं, विडी नाही सुटली. मुलाने हा डबा पाठवला तो नेमका 'बाबांच्या छातीसाठी'. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी इशारा भिंग लावून शोधला. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी एक ओळ आहे, बस्स.

वर 'ओरॅक' आकडाही छापलाय, मोठ्ठा. म्हणजे अँटिऑक्सिडंटचा जोर परीक्षानळीत मोजतात तो. अमेरिकेच्या कृषी खात्याने ओरॅकची यादी 2012 मध्येच संकेतस्थळावरून काढून टाकली. परीक्षानळीतल्या आकड्यावरून शरीरात काय होतं ते कळत नाही, आणि जाहिरातवाले तोच आकडा मिरवत होते, म्हणून. आमच्या दुकानात एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, यायचे, त्यांच्या घडीपत्रकांची आठवण झाली.

परत घ्या म्हटलं, तर सील फोडलंय म्हणून नाही म्हणाले. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, नॅचरल आहे गं ते." मी म्हटलं, "तंबाखूही झाडालाच लागतो."

ह्यांनी मध्येच विचारलं, एवढ्या पैशांत कोकमाचं आगळ किती आलं असतं? त्यावर मी काही बोलले नाही.

दोन ताऱ्यांपैकी एक, मागचा आकडा निदान लपवला नाही म्हणून. दुसरा बरणीला. कॅप्सूल टाकून दिल्या, बरणी उकळत्या पाण्याने धुतली, त्यात आगळ भरलं. आडवी ठेवली तरी थेंब गळत नाही.