फ्रीझ पेन्स : कापसाच्या अख्ख्या हंगामात वापरल्यानंतर

दसऱ्यानंतर जिनिंगला, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, कापसाची आवक सुरू झाली की रजिस्टरची शीट बघता बघता काही हजार ओळींची होते. तिसाव्या-चाळिसाव्या ओळीपासूनच वरचे मथळे दिसेनासे होतात. त्यावरचा उपाय म्हणजे फ्रीझ पेन्स, ठरावीक ओळी आणि रकाने जागेवर थांबवून बाकीची शीट सरकवायची सोय. होळीपर्यंतच्या हंगामात तो एक्सेल, गूगल शीट्स आणि थोडाफार लिबरऑफिसमध्ये वापरून झाला. सोय उत्तम आहे, पण एक्सेलच्या मेनूत दिसणाऱ्या तीन पर्यायांपैकी सगळ्यात सोपा वाटणारा आपल्याकडच्या रजिस्टरला चालत नाही.

आपल्याकडे मथळा क्वचितच एका ओळीचा असतो. पहिल्या ओळीत पेढीचं नाव आणि हंगाम, दुसरीत वजन, कपात, रक्कम असे गट, आणि तिसरीत खरे रकाने: भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ, ओलावा, कपात टक्के, भाव, हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी). 'फ्रीझ टॉप रो' दाबलं की फक्त पेढीचं नाव वर अडकून बसतं. त्याचा काय उपयोग? शिवाय हा पर्याय पहिली ओळ धरत नाही, त्या क्षणी स्क्रीनवर जी ओळ सगळ्यात वर दिसतेय ती धरतो. शीट खाली सरकलेली असेल तर एखाद्या शेतकऱ्याचीच नोंद मथळा होऊन बसते.

बरोबर पद्धत अशी. आधी कंट्रोल-होम दाबून शीट पूर्ण वर आणि डावीकडे आणायची. मग जिथून सरकणारा भाग सुरू व्हायला हवा त्या खान्यावर क्लिक करायचं. वरच्या तीन ओळी आणि डावीकडचे अनुक्रमांक, काटापट्टी (वजनाची पावती) नंबर, शेतकऱ्याचं नाव हे तीन रकाने थांबवायचे असतील तर तो खाना डी४. त्यानंतर व्ह्यू, फ्रीझ पेन्स, आणि त्यातला पहिला पर्याय. कीबोर्डवरून ऑल्ट, डब्ल्यू, एफ, एफ, एकामागून एक. निवडलेल्या खान्याच्या वरचं आणि डावीकडचं सगळं थांबतं. फक्त ओळी हव्या असतील तर ए४ निवडा. नीट बसलंय का हे पाहायला कुठूनही कंट्रोल-होम दाबा: कर्सर ए१ वर न जाता डी४ वर आला पाहिजे. ए१ वर उभं राहून फ्रीझ केलं तर एक्सेल स्क्रीनच्या मधोमध कुठेतरी रेघ मारतं.

सगळ्यात जास्त घबराट होते ती वेगळ्याच कारणाने. शीट खाली सरकलेली असताना, समजा वर ४०वी ओळ दिसतेय आणि डी४३ वर फ्रीझ केलं, तर ४० ते ४२ या ओळी थांबतात आणि १ ते ३९ कितीही वर सरकवलं तरी दिसत नाहीत. डेटा उडाला म्हणून जुन्या फाइली शोधायची गरज नाही. अनफ्रीझ, कंट्रोल-होम, पुन्हा फ्रीझ. सगळं जागेवर असतं.

'फ्रीझ आपोआप निघून गेलं' ही तक्रारही नेहमीची. बहुतेक वेळा कुणीतरी पेज लेआउट व्ह्यूवर गेलेलं असतं. त्या व्ह्यूत फ्रीझ चालत नाही. एक्सेल तशी सूचना देतं, पण ओके दाबताना ती वाचतं कोण! दुसरं कारण म्हणजे फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केलेली. सीएसव्हीत फक्त मजकूर राहतो, मांडणी नाही. आणि फ्रीझ दर शीटचं वेगळं असतं. नवती, कांदेबाग, पिलबाग अशी बागेच्या प्रकारानुसार तीन शीटं असलेल्या केळीच्या फाइलीत ते तीनदा करावं लागतं.

किती ओळी थांबवायच्या याला मर्यादा आहे. साध्या लॅपटॉपवर रिबन (वरची बटणांची पट्टी) उघडी असताना वीस-पंचवीस ओळी दिसतात. मंगल फाँट वापरला की ओळीची उंची वाढते आणि त्या आणखी कमी होतात. अशात मथळ्याच्या पाच-सहा ओळी अडकवल्या तर नोंदीला जागाच उरत नाही. रिबन कंट्रोल-एफ१ ने मिटवली तर बरीच जागा मिळते. फ्रीझची रेघ फार बारीक असते, म्हणून मथळ्याला हलका रंग द्यावाच.

फायदा नेमका कुठे, तर हमाली-तोलाईत. भरलेलं आणि रिकामं वजन उलटसुलट पडलं तर निव्वळ उणे येतं, चूक लगेच कळते. हमालीचा आकडा तोलाईत गेला तर एकूण कपात तीच राहते. शेतकऱ्याची हिशोबपट्टी बरोबर निघते आणि चूक थेट हमालांच्या हिशोबात सापडते. मथळा समोर असला की हे टळतं. ओलावा आणि कपात टक्के हे शेजारचे रकानेही तसेच फसवे.

गूगल शीट्समध्ये व्ह्यू, फ्रीझ, 'अप टू रो ३' असं सरळ आहे; कोपऱ्यातली जाड करडी पट्टी ओढूनही होतं. तिथे अडचण मर्ज केलेल्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या खान्यांची. पेढीचं नाव सगळ्या रकान्यांवर मर्ज केलेलं असेल तर रकाने फ्रीझ करायला ते नकार देतं. मर्ज काढा, नाव ए१ मध्ये लिहा, शेजारचे खाने रिकामे असले की ते आपोआप पुढे पसरतं. मोबाइलवर नावाचा रुंद रकाना थांबवू नका, अर्धी स्क्रीन तोच खातो. तिथे काटापट्टी नंबर पुरे.

सॉर्टच्या बाबतीत मात्र दोघांचा स्वभाव वेगळा. गूगलचं 'सॉर्ट शीट' फ्रीझ केलेल्या ओळींना हात लावत नाही. एक्सेलमध्ये फ्रीझचा सॉर्टशी काही संबंध नाही; तीन ओळींचा मथळा असेल तर तिसऱ्या ओळीपासून खालचा भाग स्वतः निवडून, हेडर असल्याची खूण करूनच सॉर्ट करावं. नाहीतर गटांची ओळ नोंदींमध्ये मिसळते.

एक्सेलचं कंट्रोल-टी टेबल हाही पर्याय आहे. टेबलात कर्सर असला की खाली सरकताना ए, बी, सी च्या जागी मथळे दिसतात. पण मथळा एकाच ओळीचा लागतो, आणि डावीकडचे रकाने थांबत नाहीत. नव्याने रजिस्टर आखणार असाल तर विचार करा. जुन्यासाठी खटाटोप नको.

छपाईला फ्रीझ एक्सेलमध्ये कामाला येत नाही. पेज लेआउट टॅबवर प्रिंट टायटल्स, तिथे 'रोज टू रिपीट ॲट टॉप' मध्ये $१:$३ असं, पण इंग्रजी अंकांत लिहायचं. ही चौकट करडी दिसत असेल तर तुम्ही प्रिंट प्रीव्ह्यूमधून आत आला आहात. बाहेर येऊन टॅबवरून उघडा. गूगलमध्ये प्रिंटच्या हेडर-फूटर भागात 'रिपीट फ्रोझन रोज' वर टिक केली की झालं. लिबरऑफिसमध्ये फ्रीझ एक्सेलसारखंच, छपाईसाठी फॉरमॅट, प्रिंट रेंजेस, एडिट.