जुना एस९ की छोटा बिटअ‍ॅक्स? बेळगाव भागातल्या घरासाठी

घरी बिटकॉइन मायनिंग, म्हणजे यंत्राने गणिती कोडी सोडवून नवीन बिटकॉइन मिळवणं, करून बघायचं म्हटलं की आमच्या भागात सध्या दोनच पर्याय समोर येतात. एक म्हणजे पुण्याहून नाहीतर बेंगळुरूहून कुणीतरी काढून टाकलेला, हाती स्वस्तात येणारा अँटमायनर एस९, हे मोठं मायनिंग यंत्र. दुसरा म्हणजे तळहातावर मावणारा, एकाच बोर्डाचा बिटअ‍ॅक्स गॅमा. ग्राफिक्स कार्डांचा विषय मी काढत नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने (त्या कार्डांवर मिळणारं दुसरं आभासी चलन) मायनिंग बंद केलं आणि घरगुती माणसासाठी त्या वाटेवर फारसं काही उरलं नाही.

मी दोन्ही चालवले आहेत आणि आज घरात एकच चालू आहे. निपाणीतलं घर, खानापूरकडचं घर आणि बेळगाव शहरातला फ्लॅट यांत फरक असणारच, त्यामुळे माझा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण निवड करताना मी काय काय पाहिलं, ते तुमच्या उपयोगी पडेल.

आधी पैशाचं बोलून घेऊ, कारण बहुतेकांचा पहिला प्रश्न तोच असतो. एस९ सेकंदाला साडेतेरा टेराहॅश (एक टेराहॅश म्हणजे कोडं सोडवण्याचे एक लाख कोटी प्रयत्न) देतो आणि त्यासाठी साधारण १३५० वॅट घेतो. गॅमा १.२ टेराहॅश देतो, १८ वॅटच्या आत-बाहेर. जगातल्या सगळ्या यंत्रांची मिळून ताकद १ झेटाहॅश, म्हणजे १०० कोटी टेराहॅश धरा. दिवसाला सुमारे १४४ ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे, जो आधी जुळवतो त्याला बक्षीस) आणि ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन, म्हणजे रोज ४५० नवीन बिटकॉइन वाटले जातात. या हिशेबाने एस९ च्या वाट्याला दिवसाला ६०० सातोशींच्या (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) आसपास येतात. बिटकॉइन एक कोटी रुपयांना धरला तरी ते साठ रुपये झाले. वीज लागते ३२ युनिट. युनिटला सात रुपये धरले तर सव्वादोनशे रुपये. गॅमाचे येतात ५४ सातोशी, म्हणजे पाच-साडेपाच रुपये, आणि वीज लागते तीन रुपयांची.

एस९ आला २०१६ मध्ये. त्याच वर्षी जुलैत ब्लॉकचं बक्षीस २५ वरून १२.५ झालं, २०२० मध्ये ६.२५, आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. यंत्र तेच राहिलं, भोवतीचं गणित बदलत गेलं. छोट्या बोर्डावर चिप नव्या पिढीची आहे, म्हणून तो निदान स्वतःची वीज भागवतो. त्याची किंमत मात्र रोजच्या दोन-अडीच रुपयांतून वसूल होणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

कराचं थोडक्यात: नाणी विकताना ३० टक्के आणि वर सेस. त्यातून विजेचं बिल किंवा यंत्राचा खर्च वजा होत नाही. ज्याचं विजेचं बिल मोठं, त्याला हा नियम जास्त बोचतो.

आता बिलाची दुसरी बाजू. ती महाराष्ट्रातल्या मित्रांना सहसा माहीत नसते, आपल्याला मात्र रोजची आहे. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. योजनेच्या आधीच्या वर्षातली तुमची सरासरी आणि त्यावर १० टक्के, एवढी वीज शून्य बिलात. तुमच्या हक्काच्या युनिटांवर पण २०० च्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले तर पहिल्या युनिटापासून सगळं बिल तुमचं. समजा तुमच्या घराची सरासरी ११० आहे, म्हणजे १२१ पर्यंत शून्य बिल. गॅमा महिन्याला १३ युनिट घेतो. एक-दोन युनिटांचे पैसे भराल. एस९ महिन्याला ९७० युनिटांच्या आसपास घेतो. तो सुरू झाला की घरातला पंखा, फ्रिज, मिक्सर, आजवर ज्याचे पैसे लागत नव्हते ते सगळंच बिलात येतं, आणि बिल साडेसात हजारांच्या घरात जातं. एका यंत्रासाठी घरच्यांचं शून्य बिल घालवायचं का, हा निर्णय एकट्याने घेऊ नये. ज्या महिन्यात माझ्या घरी हा हिशेब कागदावर मांडला, त्या महिन्यापासून माझं मन हलायला लागलं होतं.

तरी निर्णय बिलाने झाला नाही. आवाजानेही नाही. एस९ चा आवाज ७५ डेसिबलच्या आसपास असतो हे तुम्ही वाचलेलंच असेल. गच्चीवरच्या खोलीत ठेवला, उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतून पत्र्याचा डक्ट करून घेतला, तर दिवसा चालून जातं. उष्णतेचंही तसंच. बेळगावच्या थंडीत ती ऊब नकोशी वाटत नाही, मात्र एप्रिल-मेमध्ये निपाणी-चिक्कोडीकडे तीच खोली उघडवत नाही. धूळ आणि पावसाळी ओल दोन्ही यंत्रांना वाईट. मोठं यंत्र पावसाळ्यात बंद पडून राहिलं तर ओल त्याला जास्त लागते, कारण चालू असताना ते स्वतःच्या उष्णतेने कोरडं राहतं.

माझा निर्णय झाला तो करंट जाण्यायेण्यावरून.

करंट जातो याची आपल्याला सवय आहे. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात वाऱ्याने फांदी तारेवर पडली की तासन्‌तास अंधार, आणि शहरातही वळवाच्या पहिल्या सरीला दिवे गेले नाहीत असं क्वचितच होतं. त्याबद्दल कुणाला दोष द्यायचा नाही. प्रश्न करंट गेल्याचा नसतोच, तो परत येतो तेव्हा काय होतं याचा असतो. एस९ ला चालू-बंद करायचं बटण नाही. करंट आला की तो आपला आपण सुरू होतो, आणि सुरू होताना दोन्ही पंखे पूर्ण वेगाने फिरतात. रात्री अडीचला करंट आला तर घरातले सगळे अडीचला जागे होतात. मग काही मिनिटं तो चिपा मोजतो, पूलशी (अनेकांनी मिळून मायनिंग करून बक्षीस वाटून घ्यायचा गट) जोडला जातो आणि पूर्ण भार घ्यायला लागतो.

इथेच आपल्या भागातली दुसरी गोष्ट आडवी येते, व्होल्टेज. उसाच्या पट्ट्यात शेतपंपांना थ्री-फेज ठरावीक तासच मिळतो, त्यामुळे तो आला की सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात. लाइनच्या टोकाला असलेल्या घरात, विशेषतः मळ्यातल्या घरात, दिवे पिवळे पडतात ते तेव्हाच. एस९ बरोबर येणारा एपीडब्ल्यू३ हा पॉवर सप्लाय १६०० वॅट देतो तो २०५ व्होल्टच्या वर. त्याखाली त्याची मर्यादा १२०० वर येते, आणि यंत्राला हवे असतात १३५०. म्हणजे यंत्र सुरू होतं, पूर्ण भार घेतं, तिथे व्होल्टेज पुरत नाही, बंद पडतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा पंख्यांचा तोच गदारोळ. शेवटी कुणीतरी जिना चढून वर जातं आणि प्लग काढतं. मी घरी नसलो की ते काम आईकडे किंवा बायकोकडे यायचं. ज्या वस्तूची हौस माझी, तिच्यासाठी रात्री त्यांनी का उठावं? या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उपाय आहेत, नाही असं नाही. दोन-तीन केव्हीएचा स्टॅबिलायझर लावता येतो. करंट आल्यावर काही मिनिटं थांबून मग जोडणारा टाइमर लावता येतो, आणि एस९ ठेवणार असाल तर तो लावाच. पण प्रत्येक उपायाचे पैसे आधीच तोट्यातल्या गणितात मिळवायचे. इन्व्हर्टरचा विचार करू नका. घरगुती ८५०-९०० व्हीएचा इन्व्हर्टर ७०० वॅटच्या आसपास थकतो.

गॅमा मी राउटरशेजारी ठेवला आहे, दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर. करंट गेला तर पंखा आणि दिव्याबरोबर तोही चालू राहतो. अठरा वॅट म्हणजे दीडशे अँपिअर-तासांच्या बॅटरीला जाणवतही नाहीत. कधी इन्व्हर्टरही संपला, तर करंट आल्यावर तो थोड्याच वेळात आपला आपण कामाला लागतो, आणि घरात कुणाला कळतही नाही. मला मोजमापाची आकडेवारी देता येणार नाही. एवढंच सांगतो, तो आल्यापासून यंत्रासाठी रात्री कुणी उठलेलं नाही.

एस९ ची बाजू मात्र नीट मांडायला हवी, कारण ती खरी आहे. पूलमध्ये लावला की रोज काहीतरी जमताना दिसतं. नव्या माणसाला पूल, शेअर (पूलला पाठवलेला आपल्या कामाचा पुरावा), डिफिकल्टी (ब्लॉक मिळवणं किती अवघड ते) हे सगळं डोळ्यांसमोर घडताना समजतं. छोट्या बोर्डावर ५४ सातोशींसाठी पूल लावण्यात मन रमत नाही, अनेक पूलमध्ये किमान रक्कम जमेपर्यंत पैसे हातात येतही नाहीत. म्हणून बहुतेक जण तो सोलो, म्हणजे पूलशिवाय एकट्याने, लावतात. सोलो म्हणजे सरासरीने ब्लॉक मिळायला सुमारे सोळा हजार वर्षं. एस९ ला चौदाशे. दोन्ही आकडे माणसाच्या आयुष्याबाहेरचे, म्हणून त्यातल्या फरकाला मी फार किंमत देत नाही. तरी जुलै २०२४ मध्ये एका बिटअ‍ॅक्सने सोलो ब्लॉक मिळवल्याची बातमी होती. ते वाचून मला मनापासून आनंद झाला होता. कारखान्याएवढ्या शेडमधल्या यंत्रांसोबत एखाद्या घरातला बोर्डही रांगेत उभा राहू शकतो, हीच गोष्ट मला या क्षेत्रात ओढून आणणारी होती.

दुरुस्तीत मला वाटतं छोटा पुढे आहे, पण इथे मतभेद असू शकतात. एस९ च्या प्रत्येक बोर्डावर ६३ चिपा एका साखळीत असतात. मधली एक गेली तर बहुधा अख्खा बोर्ड दिसेनासा होतो, आणि ती चिप शोधून बदलणारा हात आपल्या जिल्ह्यात सहज मिळत नाही. बिटअ‍ॅक्सचा आराखडा सगळ्यांसाठी खुला आहे, गॅमावर चिप एकच, पंखा साधा. त्याच खुलेपणामुळे बाजारात नकला भरपूर आहेत, त्यामुळे विकणारा कोण ते पाहून घ्या.

कुणी एस९ घ्यावा? ज्याच्याकडे घरापासून वेगळी शेड आहे, वेगळा मीटर आहे, छतावर सोलर असून दिवसाची वीज उरते, आणि व्होल्टेज दिवसभर २२० च्या वर टिकतं, त्याने. अशी माणसं आपल्याकडे आहेत, त्यांना मी अडवणार नाही. १६ अँपिअरचा प्लग आणि जाड वायर मात्र पाहिजेच. सहा अँपिअरच्या प्लगवर तो दिवसरात्र चालवू नका. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि एका मीटरवर अख्खं कुटुंब असलेल्यांनी, माझ्या मते, छोटाच घ्यावा.

छोटा घेतलात तर अ‍ॅडॉप्टर आधी नीट घ्या: ५ व्होल्ट, ६ अँपिअरचा. मोबाइलचा चार्जर ५ व्होल्टला बहुधा तीन अँपिअरवरच थांबतो, मग बोर्ड सारखा रीस्टार्ट होतो आणि लोक बोर्डाला नावं ठेवतात. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं केलं असेल तर २.४ चं जुनं नाव चालू ठेवा. उन्हाळ्यात चिप तापायला लागली की फ्रिक्वेन्सी मूळच्या ५२५ मेगाहर्ट्झवरून थोडी खाली आणा, हॅश थोडा कमी होईल पण पंखा शांत राहील. सोलो लावताना पत्ता स्वतःच्या वॉलेटचा (नाणी ठेवायचं आपलं पाकीट) टाका, एक्सचेंजचा (नाणी विकत घ्यायची-विकायची कंपनी) नको, आणि पेस्ट केल्यावर पहिली आणि शेवटची अक्षरं जुळवून बघा. ते वॉलेट परत मिळवून देणारे बारा किंवा चोवीस शब्द फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका. कागदावर लिहून, दोन ठिकाणी, खानापूरकडे असाल तर ओल लागणार नाही अशा डब्यात ठेवा, आणि ते कुठे आहेत हे घरातल्या निदान एका माणसाला सांगून ठेवा.