हेवी लायसन्स ठेवून घेणारी एजन्सी

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात सारखी फिरत असते. ‘ट्रकसाठी ड्रायव्हर पाहिजेत. फ्रेशर चालेल. पगार २८,००० + भत्ता + पीएफ. राहण्याची सोय.’ खाली एक मोबाइल नंबर. फर्मचं नाव नाही, पत्ता नाही. त्या नंबरावर फोन करून मी कामाला लागलो, आणि त्यातून काय निघालं ते इथं लिहितोय. एजन्सीचं नाव घेत नाही, कारण प्रकरण अजून कामगार कार्यालयात आहे. घेतलं असतं तरी फार उपयोग नव्हता. या लोकांचा बोर्ड वर्षभरसुद्धा एक राहत नाही.

नवा ड्रायव्हर एजन्सीकडे का वळतो, हे आधी सांगतो, नाहीतर ‘कशाला गेलास तिकडं?’ म्हणणारे भेटतातच. ट्रान्सपोर्टचं लायसन्स काढायला वीस वर्षं पूर्ण लागतात, हलक्या गाडीचं साधं एलएमव्ही लायसन्स किमान वर्षभर जुनं लागतं, डॉक्टरचा फॉर्म १-अ आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ लागतो, मग टेस्ट. एवढं करून कार्ड घरी येतं आणि खरा प्रश्न तिथून पुढं सुरू होतो. तीस-चाळीस लाखांची दहा चाकी, वर परक्याचा माल, आणि समोर काल लायसन्स मिळालेला पोरगा. मालक विचारतो, “आधी कुणाकडं होतास?” त्याचंही चुकत नाही. पूर्वी क्लीनर म्हणून तीन-चार वर्षं घासली की वस्तादच स्टेअरिंग हातात द्यायचा. आता बऱ्याच गाड्यांवर क्लीनरच नसतो, म्हणजे ती वाट बंद. अशा वेळी कुणीतरी म्हणतो, “गॅरंटी आमची, गाडी देतो,” तेव्हा माणूस जातो.

हायवेलगत एक गाळा. टेबल, पंखा, भिंतीवर ट्रकचं फ्लेक्स. टेबलामागच्या माणसाला सगळे साहेब म्हणत होते. त्यानं फाइल चार्ज, मेडिकल, पोलिस व्हेरिफिकेशन आणि ट्रेनिंग मिळून पंधरा हजार सांगितले. पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक नंबरावर यूपीआयनं. पावती मागितली तर “पहिल्या पगारात अ‍ॅडजस्ट होतंय भावा, पावती कशाला?” पोलिसांचा चारित्र्य दाखला आपला आपल्याला ऑनलाइन अर्ज करून मिळतो, त्याची फी किरकोळ असते. मेडिकल तर लायसन्स काढतानाच झालेलं असतं. हे दोन्ही त्या पंधरा हजारांत पुन्हा धरले होते.

त्यानंतर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली. मजकूर वरच्या अर्ध्या पानावर, खालचं अर्धं पान कोरं. आणि मूळ लायसन्स फाइलला लावून घेतलं. कारण काय, तर ‘मालकाला दाखवावं लागतं.’ डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमधलं लायसन्स २०१८ पासून कायद्यानं मूळ कार्डाइतकंच चालतं, त्यामुळं रस्त्यावर कार्डावाचून अडत नाही आणि मालकालाही मोबाइलवर दाखवता येतं. एजन्सीला कार्ड हवं असतं ते एवढ्याचसाठी की पोरगं मधूनच निघून जाऊ नये.

ट्रेनिंग म्हणजे एका जुन्या ड्रायव्हरबरोबर चाकणची फेरी, बिनपगारी. पण माणूस मात्र लाखात एक होता. कागलकडचा, साठीला टेकलेला, सगळे त्याला मामा म्हणायचे. ताडपत्री कुठल्या कोपऱ्यापासून ओढायची, रस्सा कसा आवळायचा, फौंड्रीच्या कास्टिंगचा माल मधोमध का बसवायचा, हे त्यानं हातानं करून दाखवलं. खंबाटकीच्या उताराला म्हणाला, “ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतर. न्यूट्रल मारून डिझेल वाचवायचं खूळ डोक्यात घेऊ नकोस.” आणि ते खरंच आहे, आताच्या इंजिनात गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठाच थांबतो, न्यूट्रलमध्ये उलट ते आयडलिंगला जळत राहतं. एजन्सीबद्दल विचारलं तर मामा काही बोलला नाही, फक्त म्हणाला, “प्रत्येक वजनकाट्याची पावती जपून ठेव.” पुढं कामाला आलं ते हेच.

गाडी मिळाली. शिरोलीतून कास्टिंग चाकणला, कधी साखर न्हावा शेवाला, एकदा निपाणीजवळचा तवंदी घाट ओलांडून खाली तमिळनाडूतल्या होसूरपर्यंत. काम आवडत होतं, खोटं कशाला बोलू. गाडी देताना साहेबानं एकच नियम सांगितला होता: “मालकाला फोन करायचा नाही. जे काही असेल ते आमच्याकडं.”

महिना भरल्यावर हिशेबाचा कागद हातात आला आणि तो मी दोनदा उलटा-सुलटा करून बघितला.

डिझेलचं अ‍ॅव्हरेज त्यांनी लिटरला साडेचार किलोमीटर धरलं होतं. भरलेली दहा चाकी घाटरस्त्यावर पावणेचारला आली तरी नशीब. होसूरचंच घ्या. एका बाजूला साडेसहाशे किलोमीटर. साडेचारनं १४४ लिटर, ३.८ नं १७१. म्हणजे एका बाजूलाच २७ लिटर ‘चोरी’ माझ्या नावावर, नव्वदच्या भावानं चोवीसशे रुपये. अ‍ॅव्हरेज किती धरणार हे कामाला लागताना कुणी बोललंच नव्हतं. दोन ठिकाणी शॉर्टेज, म्हणजे माल कमी उतरल्याची कपात, लावलं होतं, पण माझ्याकडच्या काट्याच्या पावत्यांत भरतानाचं आणि उतरवतानाचं वजन जुळत होतं. पावत्या पुढं केल्या तसं ते कलम गुपचूप खोडलं, आणि त्याच जागी ‘टायर घर्षण’ असं काहीतरी लिहिलं.

ई-चलन तर कहरच. व्हॉट्सअ‍ॅपवर चलनाचा फोटो, म्हणे ओव्हरस्पीड. चलन गाडीच्या नंबरावर आणि मालकाच्या नावावर पडतं. गाडीचा नंबर आणि आरसीवरच्या चासीचे शेवटचे आकडे घालून मी ते स्वतः ऑनलाइन काढलं. तारीख मी त्या गाडीवर बसायच्या आधीची होती. आधीच्या ड्रायव्हरकडूनही तेच पैसे कापले असतील, मला खात्री आहे. एकच चलन किती जणांना विकतात कोण जाणे.

पीएफच्या नावानं ३,६०० कापले होते. पंधरा हजारांवर १२ टक्के म्हणजे १,८०० होतात. उरलेले १,८०० हा कामावर ठेवणाऱ्यानं भरायचा हिस्सा, तोही माझ्याच खिशातून. वर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, २१० रुपये. ईएसआयची पगारमर्यादा २१ हजार आहे. यांच्याच कागदावर माझा पगार २८ हजार, म्हणजे मी त्या योजनेत बसतच नव्हतो. उमंग अ‍ॅपवर बघितलं तर माझ्या नावचा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबरच, काढलेला नव्हता. कापलेले पैसे कुठं जमा झाले, हे सांगायला हुशारी लागत नाही.

जे उरलं तेही हातात नाही. “माल उतरल्याची पोच आलेली नाही, मालकाकडून पेमेंट अडकलंय.” पुढच्या महिन्यातही तेच. घरून आई विचारायची, मी सांगायचो, येतंय.

शेवटी नियम मोडला. एमपरिवहनवर गाडीचा इन्शुरन्स, फिटनेस, परमिट बघता येतं आणि मालकाच्या नावातली काही अक्षरंही दिसतात. तेवढ्यावरून आणि मालाबरोबरच्या बिल्टीवरून (वाहतुकीच्या पावतीवरून) शिरोलीतलं ऑफिस सापडलं. मालक बाहेर होते, दिवाणजी भेटले. मी नाव सांगितल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“तूच होय तो? अ‍ॅडव्हान्स किती उचलतोस रे? लग्न काढलंयस काय?”

त्यांनी वही उघडली. ड्रायव्हरचा पगार दर आठवड्याला एजन्सीला चुकता. शिवाय माझ्या नावापुढं ‘आजारपणासाठी उचल’, ‘घरबांधणीसाठी उचल’, एजन्सीच्या चिठ्ठीवर माझी सही. ती सही माझी नव्हती. मी मराठीत करतो, ती इंग्रजीत होती. मालक आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, पण म्हणाले, “हे बघ, तू आमचा न्हवंस. तू एजन्सीचा. तुझा हिशेब तिथं.” एजन्सीत गेलो तर साहेब म्हणाला, “गाडी कुणाची? मालकाची. मग तू मालकाचा. आम्ही फक्त जोडून देतो.”

सगळा धंदा याच फटीत चालतो. ड्रायव्हरला सांगायचं मालक देत नाही, मालकाला सांगायचं ड्रायव्हर उचल मागतो, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही. नेमणूकपत्र नाही, पगाराची स्लिप नाही, बँकेत पगार म्हणून एकही नोंद नाही. पैशाचं एक वेळ सोडा. याच काळात तवंदीत गाडी पलटी झाली असती, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात मी कुणाचा कामगार होतो हे सिद्ध करायला घरच्यांनी कुठं फिरायचं होतं?

काम सोडतो म्हटल्यावर स्टॅम्पपेपर बाहेर आला. कोऱ्या अर्ध्या पानावर आता ‘गाडीचं नुकसान अडीच लाख, देणे मान्य’ असं टाइप झालेलं. एका मित्रानं सुचवलं, लायसन्स हरवलं म्हणून डुप्लिकेट काढ. ते केलं नाही. कार्ड कुणाकडं आहे हे माहीत असताना हरवलं लिहून देणं म्हणजे त्यांच्याच हातात नवं कोलीत. त्याऐवजी पोलिस ठाण्यात लेखी अर्ज दिला. पगाराचं ऐकून तिथं ‘हा तुमचा आपसातला व्यवहार’ असंच उत्तर मिळालं. पण खोटी सही, अडकवलेलं लायसन्स आणि कोऱ्या जागेत नंतर टाइप केलेला मजकूर हे मुद्दे वेगळे मांडले आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली, तेव्हा सूर बदलला. चारशेवीस आता इतिहासजमा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये येते. दोन दिवसांत एक पोरगा मोटारसायकलवर येऊन कार्ड देऊन गेला, तेही तावडे हॉटेलच्या चौकात, गाडी बंद न करता.

पैसे आलेले नाहीत. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज आहे. तिथं माझ्या बाजूनं बोलतात त्या काट्याच्या पावत्या, बिल्टीचे मोबाइलवर काढलेले फोटो, पंपाची बिलं आणि साहेबाचे व्हॉइस मेसेज. ‘आज रात्री होसूर भरायचंय, लवकर ये’ एवढा एक मेसेजसुद्धा कामावर असल्याचा पुरावा होतो, तेव्हा चॅट पुसू नका. दिवाणजींनी त्यांच्या वहीच्या पानाची झेरॉक्स दिली, हे उपकारच.

सगळेच ड्रायव्हर पुरवणारे असे नाहीत. कारखान्यांच्या हंगामात रोजावर ड्रायव्हर देणारे आणि संध्याकाळी रोख हिशेब करणारे लोक इथंच आहेत, आणि आता मी त्यातल्याच एकाकडं चालवतो. फरक पहिल्या भेटीतच दिसला: त्यानं लायसन्स बघितलं आणि परत दिलं, गाडीमालकाचा नंबर आपणहून दिला, आणि अ‍ॅव्हरेज किती धरणार ते मालकासमोर ठरवलं.

जुन्या गाळ्याला आता टाळं आहे. पण साहेबाची नवी जाहिरात परवाच एका ग्रुपवर आली, नंबर वेगळा, व्हॉइस मेसेजमधला आवाज तोच. यावेळी ‘युरोपात ट्रक ड्रायव्हर, पगार दोन लाख, आपलं हेवी लायसन्स चालतं, फक्त दीड लाख भरा.’ युरोपात मालाची गाडी चालवायला तिथल्या वर्गाचं लायसन्स आणि व्यावसायिक ड्रायव्हरची वेगळी पात्रता लागते. इथलं कार्ड दाखवून कुणी ट्रेलर हातात देत नाही. परदेशी कामाला माणसं पाठवणाऱ्याकडं १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते, आणि नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क म्हणून ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. मी ग्रुपवर नोंदणी क्रमांक विचारला. पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. इचलकरंजीच्या दोघांनी तोवर पैसे भरले होते.