जुने गोवे: व्हाइसरॉयांचा पाडलेला वाडा आणि गोंयचो सायब

जुन्या गोव्यात बहुतेक गाड्या बॉम जेझस चर्चपाशी थांबतात. लोक ‘गोंयचो सायब’ म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर यांची शवपेटी पाहतात आणि अर्ध्या तासात मंगेशीकडे निघतात. इतक्या घाईत निम्मं जुनं गोवं हातचं जातं, कारण या संताची कबर आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयांचा कारभार ही एकच गोष्ट आहे. सुरुवात नदीकडून करा, कबर शेवटी बघा. चालणं थोडं आहे, अडीच तास पुरतात.

पहिली जागा दिवाडीच्या फेरीधक्क्यावरची व्हाइसरॉयची कमान. १५९९ची, पण १९५४ साली पुन्हा बांधलेली. नदीकडे वास्को द गामा आहे, शहराकडे माणसाला पायाखाली घेतलेली संत सांता कातारीना. २५ नोव्हेंबर हा तिचा सण, १५१० साली त्याच दिवशी पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं शहर घेतलं, म्हणून तिथलं मुख्य कॅथेड्रलही तिच्याच नावाचं.

जवळच सेंट कजेतान चर्चच्या आवारात एक दगडी दरवाजा उभा आहे. आदिलशाही वाड्याचं तेवढंच उरलं. याच वाड्यात पुढे व्हाइसरॉय राहिले. साथींमुळे १६९५ साली त्यांनी पणेलीला मुक्काम हलवला आणि १८२०च्या सुमारास वाडा पाडला. दरवाजाचा काळा दगड जवळून बघा. आसपासच्या चर्चांचा चिरा तांबडा आणि सच्छिद्र, हा मात्र गुळगुळीत बसाल्ट. बाजूच्या जाळीचं कोरीवकाम देवळातल्यासारखं आहे.

वाडा गेला, पण त्यातली माणसं पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात भेटतात. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या मठात, वरच्या मजल्यावर, गव्हर्नर आणि व्हाइसरॉयांची चित्रं ओळीनं लावली आहेत. ही मालिका १५४७ साली जुआंव द कास्त्रो यांनी सुरू करवली. चेहरे एकसारखे, कपडे ताठ का वाटतात? जुन्या चित्रांवर पुन्हा पुन्हा रंग चढवला गेला, म्हणून. रेखाटनापेक्षा पोशाख आणि हातातला अधिकाराचा दंड (काठी) बघा, पुढे तो दंडच कामाला येतो. तळमजल्यावरचे वीरगळ घाईत सोडू नका. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, सहल ठरवताना हे आधी बघा.

आता बॉम जेझस. १६८३च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी जवळचं जुवे बेट घेतलं, शहर अगदी टप्प्यात आलं. तेव्हा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी कबर उघडवून आपला दंड संताच्या हाती ठेवला आणि गोवं वाचवण्याची विनवणी केली. मराठे माघारी वळले ते औरंगजेबाचा मुलगा शाहआलम याची मोगल फौज कोकणात उतरू लागल्यामुळे. मात्र त्यानंतर नवा गव्हर्नर पदाचा दंड संताच्या कबरीपाशीच घेऊ लागला. चांदीची पेटी त्या वेळीही होती, गोव्याच्या सोनारांनी १६३७च्या सुमारास घडवलेली. खालचा संगमरवरी चौथरा नंतरचा: शिल्पकार फोज्जिनीनं फ्लॉरेन्समध्ये केला, १६९८ साली इथे बसला.

पेटी बरीच उंचावर आहे, खालून अवशेष जवळजवळ दिसत नाहीत, त्यामुळे पुष्कळ जण हिरमुसतात. लहान दुर्बीण न्या आणि पेटीच्या पत्र्यावरचे प्रसंग बघा, पैसे वसूल होतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. रविवारी सकाळी मिसा (प्रार्थना) असते, तेव्हा फिरायला जाऊ नका.

इमारतीचं एक दुखणं सांगायलाच हवं. १९५०च्या दशकात भिंतींचा गिलावा काढला. जांभा मुळात उघड्यावर ठेवण्याचा दगडच नव्हे, पावसात तो झिरपतो, झिजतो. बाहेरच्या भिंतींवर ती झीज डोळ्यांना दिसते. लालसर दगडाचे फोटो छान येतात, पण गिलावा पुन्हा चढवायला हवा.

पणजीच्या कदंब स्थानकावरून बसनं साधारण १० किलोमीटर. संताचं फेस्त (सण) ३ डिसेंबरला, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना म्हणजे प्रार्थना. तेव्हा पार्किंगची आशा धरू नका. अवशेष जवळून बघायचे तर दर दहा वर्षांच्या प्रदर्शनाची वाट पाहावी लागते, मागचं ५ जानेवारी २०२५ला संपलं.