पाहुणा गेल्यावरचे १४ दिवस : एअरबीएनबीवरच्या यजमान-रिव्ह्यूचं खान्देशातून परीक्षण

एअरबीएनबीवर, म्हणजे लोकांची घरं मुक्कामासाठी भाड्याने मिळतात त्या ॲपवर, पाहुणा घराला तारे देतो, हे सगळ्यांना माहीत असतं. यजमानालाही पाहुण्याला तारे देता येतात, चार ओळी लिहिता येतात, या सोयीकडे मात्र आपल्याकडे दुर्लक्ष होतं. अजिंठ्यासाठी जळगावात उतरलेली मंडळी असोत, लग्नसराईतलं वऱ्हाड असो, की मंगळवारी अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात जाणारे भाविक असोत, यजमान एकच वाक्य टाकून मोकळा होतो : 'चांगलं कुटुंब, पुन्हा यावं.' चादरी हळदीने भरल्या, टाकी एका दिवसात रिकामी झाली, तरी हेच. आलेल्या पाहुण्याला नावं ठेवू नयेत ही रीत घरच्या सोयऱ्याधायऱ्यांना शोभते. पैसे मोजून राहणाऱ्याच्या बाबतीत तिचा भुर्दंड पुढच्या यजमानाला पडतो. तोरणमाळला दोन खोल्या चालवणारा माणूस बुकिंग घेण्याआधी तुमचंच वाक्य वाचतो आणि त्या भरवशावर चावी देतो.

सोय मुळात चांगली बांधलेली आहे. पाहुण्याने घर सोडल्यापासून दोन्ही बाजूंना लिहायला १४ दिवस मिळतात. दोघांनी लिहिलं की दोन्ही रिव्ह्यू एकदम उघडतात. एकानेच लिहिलं तर ते १४ दिवस संपल्यावर दिसतं. त्यामुळे 'आपण खरं लिहिलं तर तो चिडून आपल्याला एक तारा देईल' ही भीती बिनबुडाची आहे. तुमचं वाचून त्याला स्वतःचं लिहिताच येत नाही. पाहुण्याला तारे द्यायचे ते तीन बाबतींत : स्वच्छता, संवाद आणि घराचे नियम पाळणं. शिवाय जाहीर मजकूर, आणि फक्त पाहुण्यालाच दिसणारी खासगी नोंद. जाहीर झालेल्या रिव्ह्यूवर समोरच्याला ३० दिवसांत उघड उत्तर देता येतं.

नुकसानभरपाईची मागणी हा वेगळा रस्ता आहे. तिलाही मुदत १४ दिवसांचीच, पण अर्ज वेगळा. मागणी टाकल्यावर पाहुण्याला उत्तरासाठी २४ तास मिळतात. हे दोन रस्ते एकमेकांत मिसळले की यजमान हमखास अडचणीत येतो. 'फुटलेल्या काचेचे पैसे पाठवा, मग रिव्ह्यू चांगला देतो' असं कितीही गोड भाषेत लिहिलं तरी कंपनीच्या नियमांत ते धमकावणं ठरतं आणि तुमचा रिव्ह्यू काढून टाकला जाऊ शकतो. उलट पाहुणाच 'पैसे परत करा, नाहीतर वाईट लिहीन' म्हणाला, तर ते बोलणं ॲपमधल्या संदेशांतच राहू द्या. फोनवर झालं असेल तर लगेच संदेश टाका : 'आत्ता फोनवर आपण असं म्हणालात, बरोबर ना?'

लिहायचं कधी? चावी हातात पडली त्या रात्री नको. राग असतो, आणि माहितीही अपुरी असते. तेराव्या दिवशीही नको, कारण तोवर मधल्या दोन बुकिंगांत कोणी काय केलं याची सरमिसळ होते. धुणं होऊन चादरी वाळल्या, मीटरचं रीडिंग घेतलं, सफाईवाल्या मावशींशी बोलणं झालं, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी लिहावं. हे दोन दिवस का थांबायचं, ते हळदीवरून चांगलं कळतं.

लग्नाला आलेल्या मंडळींनी फ्लॅट घेतला की हळदीचे डाग ठरलेले : उशीच्या खोळी, चादरी, न्हाणीघराचा दरवाजा आणि स्विचबोर्डाभोवतीचे बोटांचे ठसे. चादर घाईने सोडा किंवा डिटर्जंटच्या गरम पाण्यात टाकली की पिवळा डाग लालभडक होतो. क्षार लागला की हळदीचा रंग बदलतो, एवढंच ते कारण. पण ज्याला हे ठाऊक नाही तो यजमान रागाच्या भरात लिहून बसतो, 'कुंकू सांडलं, सहा चादरी कायमच्या गेल्या.' यात दोन चुका. कुंकू सांडलेलंच नसतं, आणि चादरी गेलेल्याही नसतात. तेलकटपणा आधी भांड्यांच्या साबणाने काढा, गार पाण्यात खळबळून घ्या आणि चादर ओली असतानाच कडक उन्हात पसरा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाला दोन-तीन दिवस पुरतात. तेलात कालवलेली हळद भिंतीवर लागली तर मात्र गोष्ट वेगळी. प्लॅस्टिक इमल्शन असेल तर ओल्या फडक्याने बरंच निघतं. साध्या डिस्टेंपरमध्ये ती मुरते, पुसायला गेलं की रंगच फडक्याला येतो आणि तेवढा भाग पुन्हा रंगवावा लागतो. तेव्हा चादरींबद्दल रिव्ह्यूत 'डाग पडले, धुऊन निघाले' आणि भिंतीबद्दल 'हॉलच्या एका भिंतीचा रंग द्यावा लागला' असं वेगवेगळं लिहिता आलं पाहिजे. पहिल्या रात्री हे कळणं शक्य नसतं.

दुसरी नेहमीची कटकट हिवाळ्यातली. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि थंडीत आलेल्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला भरीत पार्टी हवीच असते. शेतावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजणं वेगळं आणि अपार्टमेंटच्या गच्चीवर तोच जाळ करणं वेगळं. गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा थर असतो. जाळाखाली तो फुगतो, तडकतो, आणि गळती उघड होते ती पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे रिव्ह्यूची आणि भरपाईची मुदत केव्हाच संपल्यावर. त्यामुळे पाहुणा गेल्या गेल्या गच्चीवर जाऊन बघणं, काळ्या डागाचा पट्टी ठेवून फोटो काढणं आणि 'गच्चीवर जाळ करू नये' हा नियम लिस्टिंगमध्ये (ॲपवरच्या तुमच्या घराच्या पानावर) आधीपासून असणं, तिन्ही लागतं. नियम लिहिलेलाच नसेल तर नियमांचे तारे कापायचा हक्क तुम्हाला नाही. तेव्हा फक्त काय घडलं ते लिहा आणि नियम आजच घाला.

पुराव्याची तयारी पाहुणा यायच्या आधी सुरू होते. प्रत्येक खोलीच्या दारातून एक, पलंगाचा एक, ओट्याचा एक, न्हाणीघराचा एक आणि वीज मीटरचा एक असे फोटो दर बुकिंगआधी काढायचे. पाहुणा गेल्यावर त्याच जागी उभं राहून तेच पुन्हा. कोन बदलला की तुलना कोसळते. घराच्या आत कॅमेरा लावायला एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून पूर्ण बंदी घातली आहे. फाटकावरचा चालतो, पण तो आहे असं लिस्टिंगमध्ये सांगितलेलं हवं. सगळ्यात जास्त वाद होतात ते माणसांच्या आकड्यावरून, तेव्हा फाटकावर जास्त माणसं दिसली की गप्प बसू नका, लगेच ॲपमधून साधा संदेश पाठवा : 'भाऊ, बुकिंग ४ जणांचं आहे, ११ जण आलेले दिसतात. बाकीचे मुक्कामाला आहेत का? रात्री ९ पर्यंत कळवा.' पाहुण्याला सुधारायची संधी मिळते आणि रिव्ह्यूत लिहायला वेळेसकट नोंद राहते. पुष्कळदा उत्तर येतं की जेवायला आलेत, निघतील. निघाले तर ती तक्रार तिथेच संपली, रिव्ह्यूत आणू नये.

पाण्याचा हिशोबही असाच करावा. १,००० लिटरची टाकी, माणशी रोज १०० लिटर धरले तर ४ जणांना अडीच दिवस जाते आणि ११ जणांना एक दिवससुद्धा पुरत नाही. जिथे नळाला रोज पाणी येत नाही तिथे हा फरक टँकरच्या पैशांत मोजावा लागतो. 'पाणी फार उधळलं' हे मत झालं. '४ जणांचं बुकिंग, ११ जण मुक्कामाला, दुसऱ्या दिवशी टँकर मागवावा लागला' ही माहिती झाली. एसीचंही तेच. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर असताना पाहुण्याने रात्रभर एसी चालवला तर त्याला दोष देणं अन्यायाचं आहे, त्यासाठीच तर त्याने एसीचं घर घेतलं. पण दिवसभर अजिंठ्याला जाताना बाल्कनीचं दार सताड उघडं आणि दोन्ही एसी चालू, हे नक्की लिहावं. मात्र 'बाहेर जाताना एसी बंद करा' हे नियमांत असलं पाहिजे.

आता मजकूर. साधारण असा लिहिला जातो : 'अत्यंत बेजबाबदार लोक. घराची पार वाट लावली. अशांना कोणीही घर देऊ नये.' वाचणाऱ्याला यातून लिहिणाऱ्याचा संताप कळतो, पाहुणा कळत नाही. शिवाय पुढचा यजमान गोव्याचा असेल तर तो हे यंत्राने भाषांतर केलेलं वाचणार, आणि 'वाट लावली'चं यंत्र काय करेल याचा नेम नाही. अहिराणी ढंगाचं तर विचारूच नका. छोटी वाक्यं, आकडे, साधी क्रियापदं. तोच मजकूर असा हवा :

'२ रात्रींचं बुकिंग ४ जणांचं होतं. ११ जण राहिले. पहिल्या संध्याकाळी विचारलं, उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. रात्री ११ नंतर गच्चीवर गाणी चालू होती. शेजाऱ्यांची तक्रार आल्यावर संदेश पाठवला, तेव्हा १० मिनिटांत बंद केली. स्वयंपाकघर स्वच्छ ठेवलं होतं. हॉलच्या एका भिंतीला रंग द्यावा लागला. मोठं घर असेल आणि माणसांचा आकडा आधी पक्का केला, तर यांना ठेवायला हरकत नाही.'

स्वयंपाकघराचं आणि १० मिनिटांचं वाक्य सौजन्य म्हणून घातलेलं नाही. तेही घडलेलंच आहे, आणि पुढच्या यजमानाला त्यावरूनच कळतं की हा माणूस सांगितलं तर ऐकतो. तारेही मजकुराशी जुळले पाहिजेत : स्वच्छता ३, संवाद ३, नियम १ किंवा २. मजकुरात तक्रार आणि तिन्हीकडे पाच-पाच तारे, ही आपल्याकडची सगळ्यात मोठी गडबड. 'इन्स्टंट बुक'ला (यजमानाच्या होकाराची वाट न बघता लगेच पक्कं होणाऱ्या बुकिंगला) पाहुण्याच्या चांगल्या इतिहासाची अट लावता येते, पण सगळेच पाच तारे वाटत सुटले तर ती अट कोणाला अडवणार?

काही गोष्टी मजकुरात येताच कामा नयेत. जात, धर्म, गाव, पेहराव, खाणंपिणं. घरात मांसाहार चालत नाही असा नियम असेल आणि तो मोडला गेला, तर 'स्वयंपाकघराचा नियम पाळला नाही' एवढं पुरे. सोबतच्या म्हाताऱ्या माणसाकडून किंवा लेकराकडून गादी ओली झाली, तर ते जाहीर लिहायचं नाही. खर्च मोठा असेल तर भरपाईच्या अर्जातून मागा, किंवा खासगी नोंदीत हळुवारपणे कळवा. स्वतःच्या चुकीचं खापरही पाहुण्यावर फुटू नये. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात हे तुम्ही सांगितलं नाही आणि रविवारी रात्री आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी वैतागला, तर संवादाचे तारे कापू नयेत.

या सोयीत उणिवा आहेतच. रिव्ह्यू बुकिंग करणाऱ्याच्या खात्याला चिकटतो, राहणाऱ्याला नाही. एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीचा माणूस बाहेरून आलेल्या तंत्रज्ञांसाठी घर घेतो, धिंगाणा तंत्रज्ञ घालतात, तारे मात्र त्याचे जातात. तेव्हा 'बुकिंग करणारे स्वतः राहिले नाहीत' हे वाक्य आवर्जून घालावं. तीन बाबींत 'माणसांचा आकडा' ही वेगळी बाब नाही, तो नियमांतच कोंबावा लागतो. आणि बुकिंग डॉट कॉमवर यजमानाला पाहुण्याबद्दल जाहीर लिहिताच येत नाही, गैरवर्तनाची तक्रार फक्त कंपनीकडे करता येते. या एका बाबतीत एअरबीएनबी उजवं आहे.

पण आपल्याकडची कितीतरी बुकिंगं या दोन्हींवर नसतातच. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते, तेव्हा खोल्या फोनवर आणि ओळखीवर जातात. तिथे रिव्ह्यू नाही, म्हणून काही जण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पाहुण्याचा फोटो आणि आधार कार्ड टाकून 'सावधान' लिहितात. हे करू नका. ओळखपत्र तुम्ही मुक्कामाच्या नोंदीसाठी घेतलेलं असतं, गावभर फिरवण्यासाठी नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रुनुकसानीची तक्रार होऊ शकते. सार्वजनिक हितासाठी केलेलं खरं विधान हा त्यात अपवाद आहे, पण ते खरं असल्याचं तुम्हालाच दाखवावं लागतं. त्याऐवजी वही ठेवा : तारीख, नाव, ठरलेली आणि आलेली माणसं, अनामत, मीटरचं जातायेताचं रीडिंग, निघताना दोघांनी मिळून बघितलेल्या वस्तू आणि पाहुण्याची सही. ओळखपत्र म्हणून शेवटचे चारच अंक दिसणारं आधार मागा. दुसऱ्या यजमानाने फोन करून त्या पाहुण्याबद्दल विचारलं, तर वही उघडून त्या पानावर आहे तेवढंच वाचून दाखवा.