दोन पावसाळे टिकलेला ब्रेक लिव्हर

सायकलच्या ब्रेकचा मोडलेला लिव्हर मी अजून टाकलेला नाही. शिरोली एमआयडीसीत, आमच्या फौंड्रीत, माझ्या टेबलावर रिजेक्शनचा एक ट्रे असतो. त्यात तो पडून आहे. नवीन आलेली पोरं उचलून बघतात आणि म्हणतात, "सायेब, हा आपला पार्ट न्हवं." न्हवंच. पण दाखवायला चांगला आहे.

माझं काम क्वालिटीचं. बिडाचं कास्टिंग हातात घ्यायचं, फिरवून बघायचं, ब्लो होल, म्हणजे ओतताना हवेनं पडलेलं भोक, दिसलं की खडूनं फुली. वीस वर्षं हेच चाललंय. आणि तरी माउंटन बाइक घेताना ब्रेकच्या लिव्हरकडं मी एकदाही बघितलं नव्हतं. गिअर किती, डिस्क आहे का, पुढं शॉक आहे का, एवढं विचारलं आणि पैसे दिले.

झालं असं की आषाढात एका रविवारी मसाई पठारावर पडलो. जांभ्यावर शेवाळ धरलेलं, वर धुकं. पुढचं चाक कधी सरकलं ते कळलंच नाही, उजव्या अंगावर आडवा. मला खरचटलं तेवढंच, पण उजव्या लिव्हरचं टोक बोटभर बाहेर वाकलं. मग मी काय केलं, तर दगडावर बसून दोन्ही हातांनी लिव्हरचं पातं धरलं आणि सरळ केलं. झालंही सरळ. वाकलेला पार्ट ठोकून सरळ करून पाठवू नका म्हणून रोज पोरांच्या मागं लागणारा माणूस मी.

पुढच्या रविवारी जोतिबावरनं केर्लीकडं उतरताना वळणावर ब्रेक दाबला आणि पातं हातातच आलं. उजवा म्हणजे पुढचा ब्रेक. उतारावर थांबायचं सगळं काम पुढचाच करतो, मागचा नुसता सोबतीला असतो. डावा आवळत, एक पाय घासत, शेवटी कडेच्या गवतात सायकल घातली. मागनं येणाऱ्या वडापवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, "काय मालक, फुलं तोडाय उतरलाय व्हय?"

घरी येऊन चष्मा लावला आणि तुटलेली बाजू बघितली. केबलची घुंडी ज्या खाचेत बसते तिथंच मोडलं होतं. खाचेमुळं धातू तिथं सगळ्यात कमी असतो. निम्मी कड काळपट, मळ बसलेली. निम्मी चकचकीत, ताजी, साखरेसारखी दाणेदार. म्हणजे निम्मी चीर आठवडाभर आधीची, मी सरळ करताना पडलेली. उरलेलं त्या वळणावर गेलं. आणि काळपट भागात मोहरीएवढं एक गोल भोक. डायकास्टिंगमध्ये, म्हणजे साच्यात दाबानं धातू भरताना, हवा अडकली की राहतं तसं. आमच्याकडं हा पीस गेटाबाहेर गेला नसता. कंपनीचं नाव घेत नाही, चूक अर्धी माझीच होती.

आता दुकानं. सायकल जिथं घेतली तिथं कळलं की माझा ब्रेक आणि गिअरचा शिफ्टर एकाच बॉडीत आहे. पातं सुटं मिळत नाही, सगळा जोड बदला. स्वस्त गिअरच्या सायकलींत ही रचना सर्रास असते. दिसायला सुटसुटीत, पण पडल्यावर एकाच्या खर्चात दोन जातात. म्हणून पहिला सल्ला हाच की ब्रेक वेगळा आणि शिफ्टर वेगळा घ्या. मी दोन्ही वेगळे घेतले. पण त्याआधी कंजूषपणा केला, तोही सांगतो.

लक्ष्मीपुरीत एका दुकानातनं अडीचशेची जोडी उचलली. चांगली जाड, वजनदार. बसवली, दाबली, तर पातं सरळ ग्रिपला टेकलं आणि डिस्कला काही पत्ताच नाही. केबल ताणून बघितली, पॅड जवळ आणले, तेच. मग डोक्यात उजेड पडला. लिव्हर किती केबल ओढतो ते पिव्होटपासून, म्हणजे पातं ज्या पिनेवर फिरतं तिथपासून, घुंडीच्या खाचेपर्यंतच्या अंतरावर ठरतं. अंतर जास्त तर केबल जास्त, जोर कमी. अंतर कमी तर उलट. व्ही-ब्रेकला, म्हणजे दोन लांब उभ्या हातांनी रिम चिमटणाऱ्या ब्रेकला, जास्त केबल लागते, म्हणून त्याचे लिव्हर लांब ओढीचे. माउंटन बाइकच्या केबलवाल्या डिस्कलाही सहसा तेच लागतात. जुन्या कॅलिपर ब्रेकचे, कॅंटिलिव्हरचे (हाही रिमचाच, पण केबल मधून वर ओढणारा जुना ब्रेक) आणि रोड सायकलचे लिव्हर कमी ओढीचे. माझी अडीचशेची जोडी त्यातली होती. उलटी चूक केली, म्हणजे लांब ओढीचा लिव्हर कॅंटिलिव्हरला लावला, तर ती जास्त फसवी. हाताला ब्रेक कडक, छान लागतो आणि चाक मात्र थांबत नाही. दुकानात नुसतं "लिव्हर द्या" म्हणू नका. माझ्यासारखी केबलची डिस्क असेल तर "व्ही-ब्रेकचा द्या" म्हणा, आणि जुना बरोबर न्या.

शेवटी घेतली ती शिमानोची अलिवियो श्रेणीतली जोडी, बीएल-टी४०००. दीड हजाराच्या आतबाहेर पडली. शिफ्टर धरून खिसा तीन हजारांनी हलका झाला. घरात आकडा अजून सांगितलेला नाही.

दुकानात बघताना मी जाडी बघितलीच नाही. जाड पातं म्हणजे मजबूत, हा आपला बैलगाडीच्या जमान्यातला हिशेब. टोक दोन बोटांत धरून वर-खाली हलवलं. खुळखुळलं तर पिव्होट ढिला, आणि नवीनच ढिला असेल तर पावसाळ्यानंतर त्याचा पाळणा होणार. मग खाचेची जागा बघितली, तिथं भिंत बरी आहे का. कडेवर पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या सांध्याची रेघ, नीट घासलेली आहे का, कारण धारदार राहिलेल्या कडेवरनंच चीर सुरू होते. दुकानदार म्हणाला, "साहेब, सोनं घेताय काय? गुजरीत जावा." हसलो आणि पाचवी जोडी काढायला लावली.

दोन पावसाळे झाले. पन्हाळा, जोतिबा, दोनदा गगनबावडा. पिव्होट अजून घट्ट आहे, टोकाला केसाएवढी हालचाल आली असेल. ब्रेकचा दाब पहिल्या दिवशीसारखाच आहे, अर्थात केबल दर पावसाळ्यानंतर बदलतो. लिव्हर कितीही भारी असू दे, गंजलेल्या केबलपुढं त्याचं काही चालत नाही. निम्म्या लोकांना लिव्हर खराब झाला असं वाटतं तेव्हा खरं तर केबलचं आवरण गेलेलं असतं.

परीक्षा झाली ती खेट्यांच्या एका रविवारी. माघात सायकलवरनं जोतिबाला गेलो. चांगभलं झालं, गुलालात न्हाऊन निघालो, सायकलही न्हाली. संध्याकाळी बघतो तर पिव्होटमध्ये तेल आणि गुलाल मिळून गुलाबी मलम तयार झालेलं. दाबताना कुरकुर. पिन काढली, डिझेलच्या फडक्यानं पुसली, एक थेंब तेल सोडून बाकीचं पुसून टाकलं. पिव्होटला तेल थबथबून सोडायची आपली सवय वाईट. ते धूळ धरतं आणि मग पॉलिश पेपरसारखं काम करतं.

त्यानंतर पावसाळ्यात पुन्हा पडलो, दानेवाडीच्या बाजूला चिखलात. पुन्हा उजवाच वाकला, पण थोडा. ह्या वेळी हात लावला नाही. सोमवारी कंपनीत नेला आणि डाय पेनिट्रंट मारला. लाल रंग फवारायचा, थांबायचं, पुसायचं, वर पांढरा डेव्हलपर. चीर असली की पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. शिफ्टची चार माणसं गोळा होऊन बघत होती, जशी काय सोनोग्राफी चालली आहे. रेघ आली नाही. जुनं पातं ओतीव होतं, सरळ करताना चिरलं; हे वाकलं आणि तसंच राहिलं. ब्रेकच्या पात्याकडनं मला एवढंच पाहिजे. वाकून घरी आणेल ते चांगलं. मोडून हातात येईल ते नको.

एक श्रेय मात्र लिव्हरचं नाही, बसवण्याचं आहे. हँडलवरचा क्लॅम्प मी मरणाचा आवळत नाही. जोरात ढकललं तर फिरेल, एरवी हलणार नाही, इतपतच. खाली प्लंबरची टेफ्लॉन टेप दोन वेढे. पडल्यावर लिव्हर फिरून मार चुकवतो. आपले मेकॅनिक पान्याला पाइप लावून आवळतात आणि "आता हलणार न्हाई बघा" म्हणतात. हलणार नाही म्हणूनच मोडतो. शिवाय लिव्हर ग्रिपपासून थोडा आत सरकवलाय. मला दोन बोटं पुरतात, आणि आडवी पडली तर जमिनीला आधी हँडलचं टोक लागतं. पंक्चर काढताना सायकल उलटी करायची असेल तर हँडलखाली पोतं तरी टाकायला सांगा, नाहीतर सगळं वजन लिव्हरवर येतं.

हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलावर चालणारे ब्रेक, का नाही घेतले, असं बरोबरचे विचारतात. ओढायला लोण्यासारखे, एका बोटात काम. मान्य. पण त्यात लिव्हरच मास्टर सिलिंडर, म्हणजे तेल ढकलणारा पंप असतो. आमच्यातला एक जण गगनबावड्याला पडला, पातं शाबूत राहिलं आणि बुडातून तेल पाझरायला लागलं. चौकातल्या टू-व्हीलरच्या मेकॅनिकनं मोटरसायकलचं ब्रेक ऑइल ओतायला बाटली काढली होती, आम्ही हात धरला. शिमानोचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट ५.१ लागतं, ते मोटरसायकलच्या ऑइलच्या जातीचं. एकाचं दुसऱ्यात गेलं की रबरी सील फुगतात आणि ब्रेक संपला. त्याला शेवटी टेम्पोत घालून आणला. केबल तुटली तर मी कुठल्याही गावात पन्नास रुपयांत घरी येतो. शहरातल्या शहरात, रंकाळ्याला चकरा मारणार असाल तर खुशाल हायड्रॉलिक घ्या.

पोराच्या सायकलचा लिव्हर खुळखुळायला लागला तेव्हा मात्र नवीन घेतला नाही. उद्यमनगरात लेथवाल्याकडं नेला. मिस्त्रींनी तो हातात घेऊन माझ्याकडं बघितलं. "सायकलच्या लिव्हरला बुश? पुढच्या खेपेला बाहुलीचा बेड आणा." तरी भोक मोठं करून पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवून दिलं, ऐंशी रुपये घेतले, चहा त्यांनीच पाजला. वर्ष झालं, टिकटिकसुद्धा नाही. ज्या लिव्हरची पिन नट-बोल्टची आहे तिथंच हे जमतं. रिवेट मारलेली असेल तर लेथवाला हात वर करतो, म्हणून घेतानाच पिन बघून घ्या.

तक्रार एक आहे. केबल ताणायचा जो बॅरल असतो तो खडबडीत रस्त्यावर आपोआप फिरतो. लॉक नट आहे, पण बोटानं आवळून भागत नाही. मी त्यात दोऱ्याचा एक वेढा घातलाय. आणि काळा रंग पहिल्याच पावसाळ्यात बोटांच्या जागी उडाला, खालचं पांढरं अल्युमिनियम दिसतं. माझं त्यावाचून काही अडत नाही. नवी सायकल मिरवायची असेल त्यानं विचार करावा.

उजवा अजून तसाच वाकडा आहे. मधलं बोट त्या बाकात बरोबर जाऊन बसतं. डावा सरळ असल्यामुळं आता तोच जरा परका वाटतो.